डेसाला पेटीवरून द्यायचं राहिलं

माझी धाकटी बहीण वर्डेल फार शहाणी. इतकी, की बेटावरच्या आम्हा बाकीच्या काळ्यांच्या वाट्याला शहाणपण उरलंच नाही.

आमची आजी रायना गेली तेव्हा वर्डेलची डेसा रांगत होती. घरातलं म्हातारं माणूस गेलं की तान्ह्या पोरांना त्याच्या शवपेटीवरून पलीकडे द्यायचं. एकानं इकडून उचलायचं, दुसऱ्यानं तिकडून घ्यायचं. म्हणजे गेलेलं माणूस पोराच्या मागे लागत नाही. गुलामांच्या जहाजातून आलेल्या आमच्या माणसांनी सगळं गमावलं, पण ही रीत सोडली नाही. वर्डेल बाईसाहेब तेव्हा शहरात नर्सिंग शिकत होत्या. म्हणाल्या, "असला अडाणीपणा माझ्या पोरीवर नको."

झालं! आठवड्याच्या आत आजी पाळण्याशेजारी येऊन बसली.

डेसा सोळा वर्षांची झाली तरी आजी हलायचं नाव घेईना. वर्डेलनं पोरीला शाळेतली स्वच्छ भाषा शिकवायची आणि आजीनं तिच्या तोंडी बेटाची जुनी बोली घालायची. बिननावाच्या कबरींपाशी उभं राहून कोण कुठे निजलंय ते पोर घडाघडा सांगे. एकदा आमच्या शेजारच्या सीफसची होडी खाडीतून वाहून चालली, तर हिनं काठावरून भरतीला असं झापलं, की पाणी मुकाट्यानं मागे सरलं. वर्डेल म्हणाली, वारा पडला असेल. हो, वारा तर पडणारच!

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्या घेऊन पोर पेंगायची आणि आजी शेजारी बसून कंटाळायची, असं डेसाच सांगे.

मग हेझकाया मामा वारले. आमच्या विदुषी माझ्याकडे आल्या. "लव्हिनिया, डेसाला मामाच्या पेटीवरून देऊ या का? आजी मागची सुटेल तरी."

"कुणाला? त्या घोडीला? आणि अडाणीपणा कुठे गेला गं तुझा?"

"टोमणे नंतर मार. लोक तिला वेडी म्हणतात. पोर हातची चाललीये माझी." आणि ती रडायलाच लागली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

डेसा मात्र भडकली. "मावशी, पणजी गेली तर आपली माणसं कोण, कुठली, ते मला कोण सांगणार? आई?" पण आईचे डोळे बघून शेवटी कबूल झाली.

चर्चच्या अंगणात सीफसनं आणि त्याच्या भावानं तिला उचललं. पलीकडे वर्डेल हात पसरून उभी. पाद्री झाडावरचे पक्षी बघू लागले.

"थांबा," पेटीच्या वरून डेसा म्हणाली. "आई, पणजी म्हणतेय, परीक्षा कशी गेली ते तू तिला अजून सांगितलंच नाहीस."

आजीनं प्राण सोडला तेव्हा वर्डेल शहरात परीक्षेला बसली होती. आली ती थेट मातीला. त्यावर तिनं माझ्याशीसुद्धा कधी चकार शब्द काढला नव्हता. नर्सचा गणवेश म्हातारीला रोज दिसत असणार. पण तिला नातीच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पास झाले गं, आजी," वर्डेल म्हणाली, चक्क बेटाच्या बोलीत. "तुला सांगायला धावत आले होते." आणि तिनं हात मागे घेतले.

"अगं, धर ना!" सीफस ओरडला. "खांदे निखळले आमचे!"

"मी नाही धरत. तिकडेच उतरवा तिला."