बाईंची उंच गाडी

आमच्या भागात कुणी अरुंद जागेत एका दमात गाडी मागे घेऊन लावताना दिसला, की तो बाईंचा विद्यार्थी असणार हे न विचारता ओळखावं. बाईंचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवरही ते नाही. शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणतो, आणि चौकात गाडी दोनदा बंद पडली की आपोआप 'बाई' म्हणायला लागतो. मीही तशीच शिकले. पुढचं सगळं मला थोडं त्यांच्याकडून, थोडं त्यांच्या भाचीकडून कळलं.

स्कूलच्या दोन छोट्या पांढऱ्या गाड्या होत्या, शेजारच्या सीटसमोर शिकवणाऱ्यासाठी वेगळा क्लच आणि ब्रेक बसवलेल्या. एक बाई घ्यायच्या, दुसरी भाची. भाचीला त्यांनीच तयार केलं होतं. बाईंचे यजमान घरातल्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे. ते कमी बोलत, पण जे बोलत ते समोरच्याला दिवसभर पुरत असे.

बाईंची शिकवण्याची पद्धत साधी होती. "समोरच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत," त्या सांगायच्या. "दिसत नाहीत म्हणजे तुम्ही त्याच्या खिशात शिरलात." आणि मागून हॉर्न वाजायला लागले की घाबरलेल्या माणसाच्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "वाजवू दे त्याला. तुम्ही घाई करायची नाही. मागच्याला ब्रेक आहे."

इतरांना हे सांगताना त्या स्वतः काय सोसत होत्या, ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिकाऊ गाडीला रस्त्यावर कुणी माणसात धरत नाही. बसवाले घासून जातात, काच खाली करून शिव्या घालतात, सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून बोंब सुरू होते. बाईंनी वीसेक वर्षं हे शांतपणे ऐकलं. ऐकलं म्हणजे गिळलं.

मग एका कारखान्यानं त्यांना रस्त्यावरच्या सुरक्षेबद्दल बोलायला बोलावलं. बाई नीट तयार होऊन, छोटी गाडी पुसून गेल्या. दारावरच्या रखवालदारानं हात आडवा केला. "शिकाऊ गाड्या मागच्या गेटनं. मालाच्या गाड्या जातात तिकडून." बाई सांगत होत्या की मी आजची पाहुणी आहे, तेवढ्यात मागून एक भलीमोठी काळी गाडी आली. रखवालदारानं आत कोण आहे ते पाहिलंही नाही. सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. बाई मागच्या गेटनं, खोक्यांच्या ढिगांमधून वाट काढत आत गेल्या आणि तासभर सुरक्षेवर बोलल्या. त्या काळ्या गाडीतून कॅन्टीनची भांडी आली होती, हे त्यांना मागाहून समजलं.

महिन्याभरानं बाईंनी मोठी गाडी घेतली. वापरलेली, पण अशी उंच की आत बसायला पायरीवर पाय ठेवावा लागे. यजमानांना त्यांनी सांगितलं, "छोट्या गाडीत वाकून बसायचं म्हणजे गुडघे दुखतात." भाचीला सांगितलं, "हल्ली रस्त्यावर काय काय होतं. मोठी गाडी असली की आतला माणूस तरी वाचतो." जावेला सांगितलं, लांबच्या प्रवासाला बरी. ज्याला जे पटेल ते. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि मला वाटतं, तेव्हा स्वतःलाही नाही.

यजमानांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "आपण दोघं," ते म्हणाले. "बाकीच्या जागेत भाडेकरू ठेवणार आहेस का?"

"तुम्हाला कशाचं कौतुकच नाही."

"आहे ना. शिडी कुठे ठेवतेस तेवढं सांगून ठेव."

पण बाई खूश होत्या. वरून रस्ता वेगळाच दिसायचा. छोट्या गाड्यांची टपं दिसायची, माणसांचे भांग दिसायचे. जे बसवाले घासून जात ते आता अंतर ठेवून जाऊ लागले. गल्लीच्या तोंडाशी समोरचा निमूटपणे मागे सरे. हात दाखवायची गरजच उरली नाही. बाईंनी शिकवण्याचे तासही हळूहळू भाचीवर सोपवले. कारण तेच, गुडघे.

त्यांनी मध्येच सोडलेल्यांत एक लाँड्रीवाली होती. पन्नाशीच्या आसपासची, मुकाट्यानं काम करणारी बाई. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. गाडी तोच चालवायचा, आणि आता ती घराबाहेर धूळ खात उभी होती. त्याला आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. दर वेळी कुणापुढे हात पसरायचा, यापेक्षा आपणच शिकावं म्हणून ती आली होती. तिला हॉर्नची विलक्षण भीती वाटे. मागून आवाज आला की तिचे दोन्ही पाय एकदम उचलले जायचे. बाईंनी तिच्यावर खूप कष्ट घेतले होते. "मागच्याला ब्रेक आहे, ताई," हे तिला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती चढावर थांबली की स्वतःशीच ते पुटपुटायची.

त्या दुपारी जाऊ बाईंच्या शेजारी बसली होती. जाऊ श्रीमंत घरातली, आणि हे तिनं आजवर कुणाला विसरू दिलं नव्हतं. बाईंची नवी गाडी तिनं पहिल्यांदाच पाहिली होती आणि पहिल्यांदाच बाईंच्या कशाला तरी बरं म्हटलं होतं. दोघी पडद्याचं कापड बघायला निघाल्या होत्या. पुलाच्या चढावर सिग्नल लागला. सिग्नल सुटला, आणि पुढची छोटी पांढरी गाडी हललीच नाही. बंद पडली, सुरू झाली, पुन्हा बंद पडली.

बाई तिच्या इतक्या जवळ उभ्या होत्या की बॉनेटपलीकडे त्यांना फक्त टप आणि मागच्या काचेची वरची कड दिसत होती. चाकं दिसायचा प्रश्नच नव्हता. शिकाऊचं लाल अक्षरही खाली राहिलं होतं. टपावरची पाटी नेमकी रंगवायला दिलेली.

"असल्या लोकांना रस्त्यावर सोडतं कोण?" जाऊ म्हणाली.

"असतील कुणीतरी पैसे घेऊन शिकवणारे," बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मग बाईंनी हॉर्नवर तळवा ठेवला आणि तो उचललाच नाही.

पुढची गाडी मागे घरंगळली. आतल्या भाचीनंही दचकून मागे पाहिलं, तेवढ्यात तिचा पाय ब्रेकवर पोहोचायला उशीर झाला. मोठ्या गाडीत बसलेल्यांना फक्त थोडा हिसका जाणवला. छोट्या गाडीची मात्र डिकी आत गेली आणि काच फुटून सीटवर सांडली.

बाई पायरीवरून खाली उतरल्या. तोंडात शब्द तयारच होते. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाईपर्यंत त्यांनी धड पाहिलंही नाही.

"कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

लाँड्रीवालीचे हात स्टीअरिंगवर तसेच होते. तिनं मान वर केली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. विचारलं म्हणून तिनं उत्तर दिलं.

"तुम्ही, बाई."

पलीकडच्या दारातून भाची उतरली. गाडीच्या दारावर स्कूलचं नाव होतं, आणि त्या नावाशेजारी बाई उभ्या होत्या. मागून आता इतरांचे हॉर्न सुरू झाले होते. बाईंनी एकच गोष्ट विचारली, लागलं का कुणाला. दोघींनीही नाही म्हटलं. मग जे झालं ते बाईंनी मला सांगताना मान खाली घालूनच सांगितलं. त्या परत गाडीत जाऊन बसल्या. "काय झालं?" जावेनं विचारलं. "ब्रेक नाही लागला तिचा," बाई म्हणाल्या. "नवीन आहे." ती गाडी आपल्याच स्कूलची आहे, हेही त्या बोलल्या नाहीत. भाची आणि लाँड्रीवाली काचा गोळा करत राहिल्या आणि बाई त्यांना वळसा घालून पडदे बघायला गेल्या.

संध्याकाळी भाची घरी आली. चिडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "मावशी, मला वाटलं मागे ट्रक आहे."

यजमान भिंगातून घड्याळात बघत होते. त्यांनी भिंग काढलं नाही, पण हात थांबला. त्या दिवशी ते काही विनोद करतील म्हणून बाई वाट बघत होत्या. त्यांनी केला नाही.

लाँड्रीवाली पुढच्या तासाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी बाई तिच्याकडे गेल्या, पायीच. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला टांगलेले कोट, दुसऱ्या बाजूला गठ्ठे, मध्ये इस्त्रीचं टेबल आणि वाफ. आतल्या खुर्चीत नवरा बसलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. लाँड्रीवालीनं स्टूल पुढे केलं आणि इस्त्री चालूच ठेवली.

"माझं चुकलं, ताई," बाई म्हणाल्या. "तुमची काही चूक नव्हती."

"गाडी तर माझीच मागे आली."

"मी तुमच्या अंगावर येऊन उभी होते. वरून हॉर्न देत होते."

लाँड्रीवालीनं शर्टाची कॉलर उलटी केली. "तुम्ही ओरडलात त्याचं काही नाही, बाई. गिऱ्हाइकं याहून बोलतात. पण तुम्ही म्हणायचात, मागच्याला ब्रेक आहे. मी त्यावर विसंबून होते. ते खोटं निघालं म्हटल्यावर बाकीचं तरी काय खरं धरायचं? मला नाही जमायचं आता."

वाफेनं बाईंचा चष्मा धुरकट झाला होता. तो पुसायच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग ह्यांना दवाखान्यात मी नेते. दोन्ही दिवस. तुम्ही पुन्हा शिकेपर्यंत, नाही शिकलात तरी."

"त्या गाडीत? त्यांना चढता यायचं नाही. फार उंच आहे ती."

ती हे सहज म्हणाली. बाई घरी परतल्या त्या याच वाक्यानं कानकोंड्या होऊन. इतकी अवाढव्य गाडी, आणि तिचा या माणसाला काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हा छोट्या गाडीला नवी काच बसवून, पोचलेल्या डिकीसकट बाई त्याला न्यायला लागल्या. त्याची जीभ जड झाली होती, पण त्याच्यातला ड्रायव्हर पुरता शाबूत होता. बाई वळणावर आल्या की तो चांगला पाय जमिनीत रोवून ब्रेक दाबायचा, आणि एकदा अडखळत म्हणाला, "इंडिकेटर... लवकर... द्या." दुनियेला इंडिकेटर शिकवलेल्या बाईंनी मुकाट्यानं इंडिकेटर दिला.

जावेला खरं सांगणं मात्र त्यांना त्याहून जड गेलं. कितीतरी दिवस त्या फोन हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. अखेर एकदा सांगून टाकलं, गाडी माझ्याच स्कूलची होती, शिकवलेलं मीच होतं, आणि चूकही माझीच. जाऊ म्हणाली, "कुठली गाडी? अगं, मी विसरूनही गेले." बाईंनी फोन ठेवला. ज्या जावेच्या नजरेत मोठं राहायला आपण एका गरीब बाईवर आळ घातला, तिच्या ते लक्षातही नव्हतं. बाई म्हणाल्या, मला इतकी लाज त्या पुलावरही वाटली नव्हती.

मोठी गाडी त्यांनी लगेच विकली असं मात्र नाही. ती महिनोन्‌महिने दारात उभी होती. "मला ती आवडत होती," बाईंनी कबूल केलं. "इतकं झाल्यावरही. वर बसलं की बरं वाटायचं. हे कुणाला सांगणार?"

शेवटी एक गिऱ्हाईक आलं, तरुण, लहान मुलीचा बाप. त्यानं आपलं कारण आपणहून सांगितलं, घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी. बाईंनी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, स्वतः बॉनेटपुढे जाऊन वाकून उभ्या राहिल्या आणि विचारलं, "मी दिसते का?"

"नाही," तो हसत म्हणाला. "पण आपण सगळ्यांना दिसतो ना, बाई. लोक बाजूला होतात."

बाईंनी किल्ली दिली. मुलगी मागच्या सीटवर उड्या मारत होती.

लाँड्रीवाली पुन्हा शिकायला लागली, पण ते बाईंना भाचीकडून कळलं. तिनं भाचीला अट घातली होती, बाई गाडीत नकोत. बाईंनी ती अट ऐकली, "बरोबर आहे" म्हणाल्या आणि आत जाऊन उगीचच कपाट आवरत बसल्या. दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. दोघी जाता-येता भेटत, हवापाण्याचं बोलत. त्या दुपारचा विषय लाँड्रीवालीनं पुन्हा काढला नाही आणि माफ केलं असंही कधी म्हणाली नाही.

परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाच्या दारातच बाईंना सांगितलं, "आता तुम्ही नका येऊ. मी नेईन ह्यांना." आवाजात राग नव्हता. कामाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि आभारही मानले, गिऱ्हाइकाचे मानतात तसे.

बाई म्हणाल्या, "चढावर हँडब्रेक वापरा."

"तुमच्या भाचीनं शिकवलंय," ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. आतून नवऱ्यानं डावा हात वर केला. बाईंनीही हात केला, आणि तिच्याकडे धुवायला दिलेले आपले पडदे तयार होते म्हणून ते घेऊन त्या घरी आल्या.