मक्याच्या पानातील शिस्त

बारामतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक आप्पासाहेबांनी आयुष्यात एकच सत्य शोधले, आणि ते त्यांना मक्याच्या पानात सापडले. पानातल्या बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन पकडून आत पोचवतात. त्याची साखर करण्याचे काम ज्याच्यामुळे सुरू होते ते रुबिस्को हे विकर मात्र शिरेला बिलगलेल्या पेशींतच असते. इथवरचे विज्ञान बरोबर होते. पुढचे आप्पासाहेबांचे स्वतःचे: वेठ कोणी करायची आणि आत कोणी बसायचे हे निसर्गानेच ठरवले आहे, माणसाने त्यात ढवळाढवळ करू नये. पणदरे, सांगवी, डाळज, जिथे शाल मिळेल तिथे त्यांनी हे सांगितले. शाल देणाऱ्यांना ते फार पटे. ते सगळे शिरेजवळचेच होते.

त्यांच्या हाताखाली शिकवणाऱ्या करुणाला ते पटत नसे. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेऊन जी उतरंड सोडली, ती पानात पुन्हा भेटेल असे तिला वाटले नव्हते. पण तिची नेमणूक तासिका तत्त्वावरची, आणि दर जूनला शिफारस आप्पासाहेबांची.

निवृत्तीपूर्वी पाहुण्यांना हे सत्य सूक्ष्मदर्शकातून दाखवायचे ठरले. मका मात्र उरला नव्हता. महाविद्यालयाच्या प्लॉटमधला सगळा आप्पासाहेबांच्याच गाईंच्या मुरघासात गेला होता. त्यांनी करुणाला महामार्गावरच्या कणीसवाल्याकडून कणसावरचा हिरवा पाला आणायला सांगितले. तिने शंका काढली, तेव्हा पान म्हणजे पान, एवढेच उत्तर मिळाले.

जिथे रुबिस्को असेल तिथे तपकिरी रंग देणारे द्रव्य तिने पाल्याच्या पातळ कापावर लावले. आप्पासाहेबांनी भिंगाला डोळा लावला. रंग शिरेजवळ होता आणि शिरेपासून दूरच्या पेशींतही होता.

"काप बिघडलाय," ते पाहुण्यांना म्हणाले. "हो ना, करुणा?"

'हो' म्हटले असते तर जून सुखरूप होता.

"काप ठीक आहे, सर. या पाल्यात शिरा लांब लांब असतात. शीर जवळ नसली की बाहेरच्या पेशीही रुबिस्को तयार करतात. ती क्षमता सगळ्यांतच असते."

आप्पासाहेबांनी मग व्यवस्थेत न बसणाऱ्यांवर नेहमी काढला जातो तो तोडगा काढला.

"कणसाचा पाला हे मुळात पानच नव्हे."

पाहुण्यांना पटले. शाल मिळाली. जूनमध्ये करुणाला नेमणूक मिळाली नाही. ती आता इंदापूरला शिकवते आणि पहिल्याच तासाला कणीस सोलते. आप्पासाहेबांची व्याख्याने चालूच आहेत. फक्त टेबलावर ठेवायचे मक्याचे झाड ते आधी कणीस मोडून मगच नेतात.