वाळूच्या गावात आप्पा

परवा घराच्या कामाला वाळूचा टेम्पो आला. वाळूचा वास नाकात गेला आणि मी उभ्या उभ्या राजस्थानात पोचलो.

बारावीनंतर तिथल्या युनिव्हर्सिटीत माझा नंबर लागला, तेव्हा वडील, म्हणजे आमचे आप्पा, मला कोल्हारहून सोडायला आले होते. कॅम्पस भारी होता, पण माझा पाय एका जागी ठरंना. मग दोघं शहर हिंडलो. शहर संपलं तिथं नुसती वाळू. आप्पा थबकलेच.

"एवढी वाळू उघड्यावर? राखन न्हाई, पावती न्हाई! आपल्या प्रवरेला असती तर एका रातीत उचलली असती."

मग वाकून मूठभर घेतली, बोटांनी चोळली. "लई बारीक हाय. बांधकामाला चालायची न्हाई."

नंतर त्यांनी पाण्याला नावं ठेवली, डाळीला ठेवली, उंटाच्या चालीलासुद्धा ठेवली. मला वाटलं, म्हातारा प्रवासाला वैतागलाय.

निघताना होस्टेलच्या गेटवर म्हणाले, "करमंल का रं तुला हितं?"

मी लगेच तिथल्या वॉचमनचा घोगरा आवाज काढला, नसलेल्या मिशीला पीळ दिला. "हां सा, बिल्कुल करमेगा!"

आप्पा खो खो हसले आणि रिक्षात बसले.

आता कळतं, मला माघारी न्यायला ते दिवसभर कारण शोधत होते. मीही त्याचीच वाट बघत होतो. पण माझ्या आवाजात बोललो असतो तर रडलोच असतो.

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. आप्पांनी मागं वळून बघितलं नाही.