तिची भूमिका, माझं पारितोषिक

पारितोषिकाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मी ग्रंथालयात नोकरीला होते म्हणून असावं. दिल्लीच्या संस्थेने पत्रात मात्र लिहिलं होतं, 'आपण स्वतः मानकरी आहात.' नाटकातल्या नटनट्यांना देशभरातून निवडून दिलं जाणारं हे पारितोषिक मला काही वर्षांपूर्वी मिळालं होतं. सन्मानचिन्ह वसईजवळ चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटावर उभं होतं. मी लगेच होकार कळवला. का, ते आज सांगता येत नाही.

जुन्या स्मरणिका, कात्रणं, परीक्षकांचे अहवाल पोस्टाने आले. रविवारी दुपारी मी ते लावत बसायचे. सुरुवातीला सगळ्या देशातून एकच नट निवडत आणि त्याने दिल्लीला जाऊन परीक्षकांसमोर एक प्रवेश करून दाखवायचा असे. एका नटीने कळवलं, समोरचा नट नसेल तर माझी भूमिका उभीच राहत नाही, एकटी काय दाखवू? तेव्हापासून परीक्षकच गावोगाव जाऊन प्रयोग पाहू लागले. पुढे बायकांसाठी वेगळं पारितोषिक निघालं. त्या पहिल्या समारंभात मानकरी बाईंच्या भाषणाला वेळच ठेवला नव्हता, असं एका कात्रणात होतं. हे सगळं मी भराभर लिहून काढलं. माझ्या वर्षापाशी आले आणि लिहिणं थांबलं.

ती भूमिका माझी नव्हती. मुलगा परत येणार नाही हे पत्रातून कळलेली आई. ती करायची भुईगावची एक नटी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे. मी त्याच नाटकात शेजारीण होते, दोन प्रवेशांपुरती. बाकीचा वेळ विंगेत उभी राहून ताईला बघायचे. तिच्या घशाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं आणि निर्माते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला पाठ आहे ना?" होतंच. तिने श्वास कुठे घ्यायचा तेही पाठ होतं.

त्याच महिन्यात परीक्षक येऊन गेले. पारितोषिकाचं पत्र आलं तेव्हा ताईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. तिचा आवाज परत आला नाही. दिल्लीत शाल घातली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्या फोटोंत मी बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. आतही तसंच होतं.

नंतर मी ताईला भेटायला गेलेच नव्हते. आता माझ्या वर्षाचा परिच्छेद लिहिला, 'ही भूमिका मुळात दुसऱ्या अभिनेत्रीची. प्रस्तुत मानकरी अभिनेत्रीने केवळ नक्कल केली,' आणि तो घेऊन वसईहून भुईगावच्या एसटीत बसले.

ताई वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होती. तिने मला पाहिलं, कोयता ठेवला, हात धुतले. ओट्यावर बसलो. तिची भावजय त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. पाणी ठेवून आत गेली. ताईचा आवाज आता घासल्यासारखा यायचा. जवळ सरकून ऐकावं लागायचं.

"लवकर आलीस," ती म्हणाली. चेष्टा होती की राग, ओळखता आलं नाही.

मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला.

"नक्कल कुठे होती?"

"सगळी, ताई. तुम्ही करायचात तसंच केलं मी."

"परीक्षक आले त्या दिवशी मी होते. शेवटच्या रांगेत बसले होते. घरी सांगून आले नव्हते." ती थांबली, दोन घोट पाणी प्यायली. "पत्र वाचल्यावर मी दर प्रयोगाला रडायचे. तू रडली नाहीस. पत्राची घडी घातलीस आणि तांदूळ निवडायला बसलीस. मला इतक्या प्रयोगांत ते सुचलं नाही. कसं सुचलं?"

"सुचलं नाही. रडू आलंच नाही. खूप प्रयत्न केला. मग हातांना काहीतरी हवं म्हणून सूप ओढलं."

मला वाटलं, आता ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मग असं लिही," ती म्हणाली. "माझं नाव घाल. ते पाहिजे मला, खोटं कशाला बोलू? पण नक्कल काढून टाक. मी केली तशी तू केली असतीस तर तुला पारितोषिक मिळालं नसतं."

परिच्छेद मी तिथेच बसून बदलला. तिने दोन शब्द खोडले, एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. निघताना भावजयीने केळ्यांची फणी पिशवीत घातली.

पुस्तक निघालं. संस्थेने परिच्छेद तसाच ठेवला, ताईचं नाव माझ्या नावाआधी आलं. मी एक प्रत भुईगावला पाठवली. आठवड्याने तिच्या भाचीचा फोन आला. म्हणाली, मावशीने मला ते पान सगळ्या घराला वाचून दाखवायला लावलं. मी घाईत वाचलं म्हणून परत पहिल्यापासून वाचायला लावलं.

"तुम्हाला बरं वाटलं ना?" भाचीने विचारलं.

मी हो म्हटलं. खरं तर काहीच वाटत नव्हतं. ताईला बरं वाटत होतं, एवढं मला समजलं होतं, आणि मी त्यावर भागवलं.