दुसरा आलेला घोडा

ऑफिसात कुणी काही जिंकल्याची बातमी आणली की आपा अभिनंदन करत नसत. "किती लावून?" एवढंच विचारत. मग शेअर असोत, क्रिकेटचं ॲप असो, नाहीतर कुणाच्या मेव्हण्याचा फ्लॅट दुप्पट भावाने गेलेला असो. समोरचा अडखळला की म्हणत, "म्हणजे जिंकलात की हरलात हे तुम्हालाच ठाऊक नाही. पेढे नंतर वाटा."

त्या आमच्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीमच्या लीड होत्या. जन्म पुण्यातला, सगळं आयुष्य कॅम्पात गेलेलं, आणि मराठी अशी की पेठेतल्या माणसानेही जरा जपून बोलावं. मी वर्ध्याहून नोकरीसाठी आले तेव्हा या शहरात माझं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम बँकेत असतात. आपा म्हण."

एकदा टीममधल्या रोहनने घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचा एक फॉर्म्युला बसवला. मागच्या सीझनचे निकाल लॅपटॉपवर घालून त्याने तो तपासलाही होता. दहातले चार घोडे पहिले येतात, म्हणून स्वारी खुशीत. आपांनी खुर्ची ओढली. "दहा वेळा शंभर लावलेस, म्हणजे हजार. चार वेळा जिंकून हातात आले आठशे ऐंशी. शंभरामागे बारा रुपये गेले, रोहन." तो म्हणाला, नियम थोडा बदलला की नफा दिसतो. "दिसणारच. ज्या शर्यती बघून नियम काढलास, त्यांच्यावरच तपासतोयस. फुटलेल्या पेपरची परीक्षा ती. पुढच्या शर्यतींवर तपास, आणि खिशाला हात न लावता."

सगळे हसले. मी मात्र आपांकडे पाहत होते. शर्यतींचं त्यांना एवढं कसं कळतं, हे कुणीच विचारलं नाही.

ते मला त्यांच्या घरी कळलं. एका रविवारी दुपारी त्यांनी जेवायला बोलावलं. रेसकोर्स तिथून जवळच. वारा तिकडून आला की भोंग्यावरची कॉमेंट्री थेट स्वयंपाकघरात यायची. जेवण झाल्यावर आपांनी लॅपटॉप उघडला आणि एकेक निकाल भरायला लागल्या. पलंगावरून त्यांच्या अम्मींनी विचारलं, "हिसाब आया?" आपा म्हणाल्या, "अभी नहीं, अम्मी."

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या अब्बांचा एकच नियम होता. मागच्या शर्यतीत दुसरा आलेला घोडा धरायचा. "दुसऱ्याला भूक असते," ते म्हणायचे. त्या भुकेपायी कॅम्पातलं स्वतःचं घर गेलं. आपा कॉलेजात असताना अब्बा गेले. नातेवाईक मयतीला आले तेही जुगाऱ्याच्या घरी आल्यासारखे, दारातच उभे राहून. तेव्हापासून प्रत्येक सीझनला आपा अब्बांचा नियम नव्या शर्यतींवर तपासत होत्या. लावायचं काहीच नाही, फक्त लावलं असतं तर काय परत आलं असतं, ते काढायचं. दरवर्षी उत्तर तोट्याचंच यायचं.

"आणि कधी नफ्याचं आलं तर?" मी विचारलं.

"एखाद्या वर्षी येईलही. त्याला काही अर्थ नसेल." असं म्हणून त्यांनी पुढचा निकाल भरला.

ते वर्ष आलं. अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मी बऱ्याचदा मदतीला जात असे. सीझनच्या शेवटच्या दिवशी आपांनी बेरीज केली तर शंभरामागे चार रुपये नफा. कुणी विचारलंही नसेल अशा एका घोड्याने भलता भाव दिला होता. त्यांनी ती एक शर्यत बाजूला काढून पाहिली, तर बाकी सगळा तोटा. शर्यत परत जागेवर ठेवली आणि उठून अम्मींच्या उशाशी बसल्या.

"अम्मी, हिसाब आला," त्या घरच्या हिंदीत म्हणाल्या. "अब्बा बरोबर होते. जरा थांबायला हवं होतं, एवढंच."

आकड्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. अम्मींनी डोळे उघडले. हातांनी चाचपत त्यांनी लेकीचा चेहरा धरला, फार मायेने.

"तेरे अब्बा भी ऐसेच बोलते थे," त्या म्हणाल्या.

आपांचा चेहरा कितीतरी वेळ त्या हातांतच होता.

थंडी सरता सरता अम्मी गेल्या. आपांनी नोकरी सोडली आणि कात्रजला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले होते. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मी विचारलं, "आपा, उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"माझं कामच ते."

"मग इतकी वर्षं कशाला?"

हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. "रविवारी हिशोबाला बसले की तेवढा वेळ अब्बा घरात असायचे ग."

आता आम्ही फोनवर बोलतो. पूर्वीसारख्याच टोचून बोलतात, माझ्या नवऱ्याची चौकशी करतात, कात्रजला हवा बरी आहे म्हणतात. सीझन सुरू झाला की मात्र रविवारी दुपारी त्या फोन उचलत नाहीत.