हिंदुरावांचा पाचवा गट

बदलापूरच्या बेलवलीत हिंदुरावांना आडनावानं कुणी ओळखत नाही. 'लाईनवाले काका' म्हटलं की रिक्षावाला थेट त्यांच्या बिल्डिंगखाली आणून सोडतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यांनी फिटर म्हणून उभी हयात नोकरी केली, पण तिथले लोक त्यांची आठवण काढतात ती कँटीनच्या लायनीवरून. सुपरवायझर ताट घेऊन मध्येच घुसला की हिंदुराव त्याच्या ताटावर हात ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "साहेब, भूक सगळ्यांना सारखीच. शेवट तिकडं आहे." त्यांना बढती का मिळाली नाही हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. हिंदुरावांनाही होतं, आणि ते त्याचा थोडा अभिमानच बाळगून होते.

रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे लायनीला लागले. बेलवलीच्या दवाखान्यात डॉक्टर यायच्या आधीच पेशंट आपापल्या चपला ओळीनं लावून चहाला जातात. त्या चपलांवर नजर ठेवायचं काम हिंदुरावांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. एखादी सँडल दोन चपला ओलांडून पुढं सरकली, की ते ती उचलून मूळ जागी ठेवत आणि मालकिणीला सगळ्यांदेखत विचारत, "हिला पाय फुटले का?" गणपतीच्या महाप्रसादाला नगरसेवकाचा मेहुणा थेट भांड्यापाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा काकांनी त्याला दंडाला धरून मागं नेलं. "मेहुणा तू तुझ्या ताईच्या घरी. इथं तू मसालेभाताच्या लायनीतला शेवटचा."

या सगळ्याची खरी किंमत मोजली ती अंजनीबाईंनी. लेकीच्या लग्नाचा बस्ता उल्हासनगरात बांधायचा होता. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. त्यानं "आओ साईं" म्हणत मागून आलेल्या जुन्या गिऱ्हाइकासमोर आधी शालू पसरले आणि हिंदुराव गादीवरून उठले. अंजनीबाईंनी हातात घेतलेला मोरपंखी शालू तिथंच राहिला. पुढं दोन दुकानांत हेच झालं. शेवटी चौथ्या दुकानात, गिऱ्हाईकच नव्हतं म्हणून, खरेदी पार पडली.

लेक कीर्ती इंदूरला नोकरी करत होती, नवरामुलगाही तिकडचाच मराठी, त्यामुळे लग्न इंदूरला. वऱ्हाड आणि, हिंदुरावांची लग्नात घालायच्या कपड्यांची बॅग सोडून, सगळं सामान रेल्वेनं पुढं गेलं. अंजनीबाईंचा गुडघा दुखतो म्हणून मुलानं, विनीतनं, आईवडिलांची विमानाची तिकिटं काढली. सगळ्यात स्वस्त मिळाली ती.

रेल्वेनं न गेलेली आणखी एक वस्तू अंजनीबाईंनी मागं ठेवून घेतली होती. रुखवतात मांडायच्या कुरडया. गव्हाचा चीक त्यांनी स्वतः घोटला होता, सोऱ्या स्वतः फिरवला होता आणि पंजाएवढ्या, जाळीदार, रंगीत कुरडया गच्चीत वाळवल्या होत्या. कीर्तीच्या होणाऱ्या सासूबाई फोनवर लाडिकपणे म्हणाल्या होत्या, "तुमच्या मुंबईकडं आता कुरडया विकतच आणत असतील नाही?" त्या दिवसापासून हा रुखवत राहिला नव्हता, ही कोर्टात उभी राहिलेली केस होती. मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यात कुरडया निजवल्या, वरून सुतळी बांधली आणि अंजनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "माझा गुडघा गेला तरी चालंल. याला धक्का लागता कामा नये."

विमानतळावर पहिला धक्का तपासणीच्या यंत्रापाशी बसला. पडद्यावर खोक्यात वेटोळीच वेटोळी दिसली. सुरक्षावाल्यानं सुतळी सोडायला लावली.

"ये वायर किसलिए?"

"वायर नही साहेब, कुरडई," हिंदुराव म्हणाले.

"उसका क्या करते है?"

"तळते है."

त्यानं एक कुरडई दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. अंजनीबाईंनी तेवढा वेळ श्वास घेतला नाही. कुरडई परत आली, सुतळी परत बांधली गेली.

गेटवर ते पोचले तेव्हा तिथं चिटपाखरूही नव्हतं. हिंदुरावांना उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिलं विमान आणि त्यातही पहिला नंबर. त्यांनी काउंटरसमोर पायातल्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी काढल्या, नाकं दाराकडं करून नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी जाऊन खुर्चीत बसले. थोड्या वेळानं एक गृहस्थ आले. त्यांनी चपलांकडं पाहिलं, हिंदुरावांकडं पाहिलं. माणूस कल्याणचा असावा, कारण काहीही न विचारता त्यानं चपलांमागं आपला पेपर ठेवला. त्यामागं एका मुलीची मानेची उशी आली, मग पाण्याची बाटली, मग एक टोपी. लाईन अशी सुरेख लागली की हिंदुरावांनी बायकोला कोपरानं ढोसलं. "बघ. माणसाला शिस्त पाहिजेच असते. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते."

मग काउंटरवर युनिफॉर्ममधली मुलगी आली. छातीवर 'प्रीती' अशी पाटी. तिनं समोरचा हा बाजार पाहिला आणि माईक हातात घेतला. आधी व्हीलचेअरवाले आणि तान्ही मुलं घेतलेले, मग प्रायॉरिटीवाले, मग ग्रुप एक, दोन, तीन, चार आणि पाच, अशा क्रमानं यावं. विमान लहान आहे, डोक्यावरचे कप्पे कमी आहेत, ते भरले की उरलेलं सामान खाली विमानाच्या पोटात जाईल.

हिंदुरावांनी तिकीट डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. ग्रुप पाच. ते काउंटरपाशी गेले.

"ताई, मी सगळ्यांच्या आधी आलोय. या चपला माझ्या."

प्रीतीनं वाकून चपला बघितल्या. "काका, इथं लाईन नसते. ग्रुप असतात."

"ग्रुप ठरवतं कोण?"

"कंपनी."

"कशावरून?"

"कुणी जास्त पैसे भरलेत, कुणी सारखं उडतं, कुणाकडं आमचं कार्ड आहे, त्यावरून."

"आणि आधी कोण आलं, ते?"

"ते कुणी बघत नाही काका."

असं वाक्य हिंदुरावांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते काउंटरला धरून उभे राहिले.

"मग हे खोकं?" मागून अंजनीबाईंनी कामाचं विचारलं.

"पाचव्या ग्रुपपर्यंत कप्पे राहत नाहीत, काकू. खालीच जाईल बहुतेक. तिथं कसं ठेवतील सांगता येत नाही. वर मोठ्या बॅगा पडतात."

अंजनीबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, पैसे भरा नि पुढचा ग्रुप घ्या."

"लाईन विकत घेऊ?"

"कुरडया वाचवा."

"ज्यांना मी आयुष्यभर मागं पाठवलं ते काय म्हणतील?"

"ते सगळे बदलापुरात आहेत. इथं फक्त मी आहे, आणि मी म्हणतेय भरा."

हिंदुराव हलले नाहीत. प्रीतीनं तेवढ्यात हळूच विचारलं, "काका, बदलापूरचे का? मी अंबरनाथची, मोरिवलीची." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "काकू मघाशी पाय ओढत होत्या. गुडघ्याचा त्रास आहे असं सांगा. व्हीलचेअरवाल्यांबरोबर दोघांना आधी सोडते."

अंजनीबाईंनी लगेच गुडघ्यावर हात ठेवला आणि चेहरा करायला घेतला. पण हिंदुराव म्हणाले, "खोटं कशाला? परवा हीच कुरडया काढायला चार वेळा गच्चीत चढली."

प्रीतीनं अंजनीबाईंकडं पाहिलं. अंजनीबाईंनी प्रीतीकडं पाहिलं. असा नवरा असल्यावर बाईला काय काय सोसावं लागतं, हे दोघींचं न बोलता बोलून झालं.

प्रायॉरिटीची वेगळी वाट म्हणजे दोन खांबांमध्ये ताणलेली एक निळी पट्टी आणि खाली पायपुसण्यापेक्षा जरा मोठा गालिचा. गालिच्यावरून आलेला माणूस आणि फरशीवरून आलेला माणूस दोघंही दोन पावलांवर त्याच एका यंत्रापाशी तिकीट दाखवत होते. पण गालिच्यावरच्या माणसाची चाल वेगळी पडत होती. एक जॅकेटवाले साहेब कानाला फोन लावून आले, वाटेत आलेल्या कोल्हापुरी त्यांनी बुटाच्या टोकानं बाजूला केल्या आणि "सॉरी" असं फोनवरच्या माणसाला म्हणत पुढं गेले. पेपर गेला, उशी गेली, बाटली गेली. ज्याचा त्याचा ग्रुप पुकारला गेला आणि हिंदुरावांनी लावलेली लाईन डोळ्यांदेखत विरघळली. त्यांनी चपला पायात घातल्या आणि सगळ्यात शेवटी अंजनीबाईंच्या मागं यंत्रातून पलीकडं गेले. जाताना प्रीतीनं सांगितलं, "मी टॅग लावत नाही. विमानाच्या जिन्यापाशी आमची माणसं असतील, ती बघतील. कप्पा रिकामा असला तर वर, नाहीतर तिथूनच खाली."

दारापलीकडं विमान नव्हतंच. बस होती. गेटच्या जिन्याखाली उभी असलेली एकच बस, आणि तीत गालिच्यावरचे, फरशीवरचे, कार्डवाले, बिनकार्डवाले सगळे एकमेकांच्या बगलेत उभे. जॅकेटवाले साहेब सर्वांआधी चढले होते म्हणून सर्वांत आत, पलीकडच्या काचेला चिकटलेले. प्रायॉरिटी घेऊन त्यांना इतकंच मिळालं होतं की बाकीच्यांची वाट त्यांनी उभ्यानं पाहिली. हिंदुराव आणि अंजनीबाई शेवटी चढले ते दाराला टेकूनच.

बस विमानाच्या शेपटीपाशी थांबली आणि दार उघडलं. कळायला क्षणभर लागला. पाचवा गट पहिला झाला होता.

"उतरा," अंजनीबाई म्हणाल्या.

हिंदुराव जागेवरच. समोर विमानाचा मोकळा जिना, हातात खोकं, खांद्याला कपड्यांची बॅग, मागं सबंध बस. कुठलाही शहाणा माणूस उतरला असता. पण त्यांच्या मनात कँटीनचा सुपरवायझर उभा राहिला. हे ग्रुप त्यांना पटले नव्हते, पण एकदा लागला तो नंबर, आणि आपला शेवटचा. त्यांनी खोकं बायकोच्या हातात दिलं, दोन्ही हात दाराच्या दोन दांड्यांना लावले आणि बसकडं तोंड केलं.

"ग्रुप एक, या पुढं. जो आधी चढला तो आधी उतरंल."

"अहो काका, चला ना."

"अरे अंकल, दरवाजा क्यूं अडाया?"

"शेवट तिकडं आहे," हिंदुराव म्हणाले.

जॅकेटवाल्या साहेबांना पलीकडून ऐकू गेलं. त्यांनी यायचा प्रयत्नही केला, पण माणसं हलेनात. आणि हिंदुराव "साहेबांना वाट द्या" म्हणून ओरडत असताना त्यांच्या डाव्या बगलेखालून काहीतरी सरकलं. दुखऱ्या गुडघ्याच्या अंजनीबाई मिक्सरचं खोकं छातीशी धरून खाली उतरल्या होत्या आणि जिन्याकडं निघाल्या होत्या. धावत नव्हत्या, पण त्यांना गाठायला धावावं लागलं असतं. जिन्यापाशी टॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसानं हात पुढं केला. अंजनीबाई त्याच्या हातावर आपली पाण्याची रिकामी बाटली ठेवून वर चढल्या.

"अगं," हिंदुराव म्हणाले. मान वळवण्याच्या नादात उजवा हात सुटला आणि तिथून सगळी बस बाहेर सांडली. ग्रुप चार, ग्रुप दोन, उशीवाली मुलगी, पेपरवाले गृहस्थ. बसमध्ये उरले दोघंच, हिंदुराव आणि जॅकेटवाले साहेब.

"थँक यू हां काका," साहेब म्हणाले. त्यात थँक यू काही नव्हतं.

दोघं मागोमाग चढले. टॅगवाल्यानं हिंदुरावांची कपड्यांची बॅग जिन्यापाशीच ठेवून घेतली. साहेबांची चाकाची बॅग मात्र साहेबांनी दिली नाही. आत सगळे कप्पे गच्च. अंजनीबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावरच्या कप्प्यात एकटं खोकं होतं, शेजारी वीतभर जागा. साहेबांनी बॅगेचं टोक त्या जागेत घातलं आणि दाबलं. पुठ्ठा करकरला.

"हे खोकं कुणाचं आहे? खाली पाठवा. मी प्रायॉरिटी आहे."

अंजनीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

हिंदुरावांना पक्कं माहीत होतं की हे खोकं लाईन मोडून आलंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यांनी स्वतः उचलून खाली नेऊन दिलं असतं. पुठ्ठा पुन्हा करकरला.

"साहेब," ते म्हणाले, "तिथं नंबर लागलाय."

"काय?"

"गेटवर तुम्ही आधी होता. इथं या बाई आधी आल्या. मी दारातच होतो, माझ्यासमोर आल्या."

हवाई सुंदरीनं दोघांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि साहेबांच्या बॅगेला गुलाबी टॅग लावला. साहेब "मी मेल करीन" म्हणाले आणि बसले.

हिंदुराव बायकोशेजारी बसले. पट्टा कसा लावायचा ते दोघांनाही कळेना, त्यात बराच वेळ गेला.

"मग," अंजनीबाई म्हणाल्या, "घुसले ना मी लायनीत?"

"तू लायनीत नव्हतीस. सामानाबरोबर होतीस."

"असं."

"सामानाला लाईन नसते," हिंदुराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. खिडकी बायकोच्या बाजूला होती, त्यामुळे त्यांना तिचं हसणं बघत बसावं लागलं.

इंदूरला रुखवत मांडला तेव्हा विहीणबाई चष्मा लावून आल्या. त्यांनी एकेक कुरडई निरखली, एकीची जाळी बोटानं हळूच तपासली. सगळ्या अख्ख्या.

"विमानानं आणल्या म्हणता?" त्यांनी हिंदुरावांना विचारलं. "एवढ्या धक्काबुक्कीत एकही तुटली नाही?"

आदल्या दिवशीच्या चुरगळलेल्या सदऱ्यातले हिंदुराव, कारण त्यांची बॅग अजून यायची होती, छाती काढून म्हणाले, "लायनीनं आलं की काही तुटत नाही, विहीणबाई."

अंजनीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रांगोळी बघायच्या निमित्तानं बाहेर गेल्या.