काकाजींच्या सुट्टीचं मैदान

जबलपुरात कोणी नव्याने गोल्फ खेळू लागला आणि खेळ काही जमेना, की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. "सदर बाजारात गजूच्या दुकानात जा. सुट्टीत कुठे खेळायला जायचं ते तो सांगेल." आता मी गोल्फ कधीच खेळलेलो नाही. सहावीतून शाळा सुटली, तेव्हापासून या दुकानात मी रॅकेटला तात लावतो आणि गोल्फच्या काठ्यांच्या मुठीला चामडं बांधतो. पण समोर माणूस बसला की मला 'नाही' म्हणता येत नाही. मग मी आमच्या काकाजींचं एक काहीतरी सांगतो, त्यावरून दुसरं आठवतं, दुसऱ्यावरून तिसरं. तो चहा पिऊन उठतो. कुठल्या मैदानावर जायचं ते त्याला कळलेलं नसतं. मलाही अजून कळलेलं नाही!

काकाजी नहर खात्यात, म्हणजे कालव्यांवर, ओव्हरसियर. त्यांचे साहेब विलायतेला परत गेले तेव्हा काठ्यांची पिशवी काकाजींना देऊन गेले. काकू म्हणाल्या, "घड्याळ देतात, शाल देतात. ह्या काठ्या काहून दिल्या?" काकाजींनाही ते माहीत नव्हतं. पण दिल्या आहेत तर वापरायला हव्यात, म्हणून ते खेळू लागले.

* * *

छावणीमागच्या माळावर क्लबचं लहान मैदान आहे. तिथे दर रविवारी काकाजींची चौकडी खेळायची : घाटे वकील, सुभेदार डॉक्टर, बोकरे हेडमास्तर आणि काकाजी. मी काठ्या घेऊन मागून चालायचो.

या खेळात चेंडू एकामागून एक अठरा होलांत घालायचा; जो कमी टोल्यांत ही फेरी संपवतो तो चांगला. पण वाईट खेळणाऱ्याला हँडिकॅप म्हणून काही टोल्यांची सूट मिळते. जितका वाईट, तितकी जास्त. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही. क्लबच्या फळ्यावर सगळ्यांच्या नावापुढे आकडे होते आणि काकाजींचा आकडा सगळ्यांत मोठा! माझा ऊर भरून आला. मी एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी हिंमत करून सगळ्यांसमोर काकाजींच्या पाया पडलो.

"हे काय रे?" काकाजी म्हणाले.

"तुम्ही पहिले आले ना, काकाजी!"

डॉक्टर हसून हसून बाकावरच बसले. वकील म्हणाले, "राहू द्या, अण्णा. इतक्या वर्षांत तुमच्या खेळाला नमस्कार करणारा हा पहिलाच!"

* * *

काकाजींना फेरीला एकशे वीस-पंचवीस टोले लागायचे. बाकीचे तिघे बरे, पण शंभराच्या आत तेही कधी आले नाहीत. शेवटच्या होलपर्यंत डॉक्टर उत्तम खेळायचे आणि तिथे नेमका चेंडू बाभळीत घालायचे. वकील शेवटच्या होलला दोन-तीनदा नुसती हवाच मारायचे. मास्तरांच्या चष्म्यावर तिथेच धूळ बसायची. मला वाटायचं, वय झालं, थकत असतील.

खरा प्रश्न काकाजींचा होता. एका रविवारी ते एकाच खड्ड्यात इतका वेळ होते, की तिघांनी बाहेर बसून एक कलिंगड संपवलं.  घरी जेवताना काकाजी म्हणाले, "गजू, माझ्यापायी तिघं तिष्ठत बसून राहतात. बोलत नाहीत बिचारे. असं किती दिवस चालवायचं?"

काकू म्हणाल्या, "मग सोडा ना! मी कधीची सांगून राहिली."

"सोडतो. होळीपर्यंत पाहतो. सुट्ट्यांमध्ये चौघं बाहेर जाऊ, एखादं मैदान मला मानवलं तर ठीक. नाही तर काठ्या देऊन टाकतो कोणाला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मैदान तू शोध. सगळ्या गावांच्या काठ्या तुझ्याच दुकानात येतात."

त्यांना गोल्फशिवाय दुसरा नाद नव्हता आणि त्या तिघांशिवाय दुसरे मित्र नव्हते. मला दोन घास कमीच गेले.

* * *

मी माझ्या अकलेप्रमाणे विचार केला. जिथल्या काठ्या कमी मोडून येतात ते मैदान सोपं. सिहोऱ्याच्या पुढे एका मालगुजाराने, म्हणजे तिकडच्या जमीनदाराने, मैदान केलं होतं, तिथल्या काठ्यांना ओरखडासुद्धा नसायचा. दिवाळीत चौघांना तिथेच नेलं.

मैदान म्हणजे पुरणपोळीचा पोळपाट! झाड नाही, खड्डा नाही, दगड नाही, वारासुद्धा नाही. मला वाटलं, जिंकलो!

काकाजींना एकशे अठ्ठावीस टोले लागले.

संध्याकाळी ते मालगुजाराच्या ओसरीवर एकटेच बसले होते. मी पाणी घेऊन गेलो. ते म्हणाले, "गजू, आपल्या माळावर चेंडू चुकला तर मी म्हणतो, दगड होता. म्हणतो, वारा होता. म्हशी आडव्या आल्या. इथं कोणाचं नाव घेऊ रे बाप्पा?"

आत मालगुजार डॉक्टरांना सांगत होते, "हमारे मैदान में आज तक किसी को शिकायत नहीं हुई!"

* * *

मग मला वाटलं, सोपं नको, सुंदर पाहिजे. माणूस आजूबाजूला पाहील, टोले विसरेल. भेडाघाटला डाक बंगल्याशेजारी कोण्या साहेबाने सहा होल खणून ठेवले होते. नर्मदा जवळ, हवा छान.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तिथे संगमरवराचे कारागीर बसतात आणि त्यांनी फेकलेल्या पांढऱ्या कपच्या त्या सगळ्या माळावर पसरलेल्या असतात. गोल्फचा चेंडूही पांढराच!

पहिल्या टोल्यानंतर चौघेही वाकून फिरू लागले. "सापडला!" डॉक्टर ओरडायचे, उचलायचे, फेकून द्यायचे. वकिलांनी फार निगुतीने पवित्रा घेऊन सणसणीत टोला मारला, तर काठीचं डोकं दहा हात पुढे गेलं आणि दगड जागच्या जागी! नर्मदेकडे कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

एक म्हातारा कारागीर मूर्ती घासता घासता हे सगळं पाहत होता. तो मला म्हणाला, "भैया, ये साहब लोग क्या ढूँढ रहे हैं?" मी एक चेंडू दाखवला. त्याने तो हातात फिरवून पाहिला, मान डोलावली आणि आपल्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तर तो टांग्यापाशी उभा. कापडात गुंडाळलेले चार संगमरवरी चेंडू, हुबेहूब, वरच्या बारीक खळग्यांसकट! म्हणाला, "अब मत ढूँढना, साहब. ये भारी हैं, दूर नहीं जाएँगे."

* * *

इथे जोशी बँकवाल्यांचं सांगायला पाहिजे. काकाजींच्या आधी चौकडीत चौथे ते होते. एकदा ते चुकून शंभराच्या आत आले. क्लबचा नियम असा, की लहान मैदानावरचा माणूस कुठेही शंभराच्या आत आला की त्याचं नाव मोठ्या मैदानाच्या फळ्यावर लागतं. तिथे कमिशनर, कर्नल, त्यांच्या मडमा. जोशींच्या घरी पेढे वाटले गेले.

नाताळच्या आधी ते दुकानात आले. काठीची मूठ बांधायला टाकली आणि स्टुलावर बसून राहिले.

मी विचारलं, "मोठ्या मैदानावर कसं काय, काका?"

"उत्तम! फार उत्तम. बोलायची सोय नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलतच नाही तिथं कोणी. अठरा होल चालायचं. शेवटी 'गुड ईव्हनिंग' म्हणायचं अन् घरी यायचं." मग म्हणाले, "घाटे अजून तसेच जोरात हसतात का रे?"

मी हो म्हटलं. मूठ बांधून झाली तरी ते बराच वेळ बसून होते. इतकी बढती मिळालेला माणूस असा का दिसतो, हे मला समजेना. मी त्यांना अजून एक चहा दिला.

* * *

नाताळात आम्ही वर डोंगरावर गेलो, थंड हवेच्या ठिकाणी. तिथे साहेबलोकांचं मैदान. आमच्या चौघांना एक सकाळ मिळाली होती.

आमच्याकडे उन्हात गवत टिकत नाही. म्हणून होलभोवती वाळूत तेल कालवून गोल अंगण करतात, त्याला ब्राऊन म्हणतात. त्यावर पावलं उमटतात, म्हणून शेवटचा टोला मारायच्या आधी पोत्याचा तुकडा ओढून चेंडूपासून होलपर्यंत वाट सारखी करायची. ते काम माझं. पोतं मी घरून नेलं होतं.

डोंगरावर पाहतो तर होलभोवती हिरवंगार गवत, गालिच्यासारखं! त्यावर दंव चमकत होतं. मी गोंधळलो. पण काकाजी चेंडूपाशी माझी वाट पाहत उभे होते. मी पोतं काढलं आणि ओढायला लागलो.

मागून आवाज आला, "हे, यू!"

एक धिप्पाड गोरा साहेब काठी घेऊन येत होता. वकिलांनी डोळे मिटले. डॉक्टर झाडाकडे पाहू लागले. साहेब गवताजवळ आला, वाकला, मी दंव पुसलेल्या पट्ट्यावर हात फिरवला आणि आपल्या माळ्याकडे वळून म्हणाला, "देखो! ऐसा ओस निकालो! रोज बोलता हूँ!" मग माझी पाठ थोपटून पुढे गेला.

काकाजींनी चेंडू मारला. आमच्या वाळूच्या अंदाजाने मारला, तो होलवरून पलीकडे उतारावर गेला. तिकडून मारला, तो अलीकडे आला. असे ते बरेच येऊन-जाऊन होते. शेवटी टोपी काढून म्हणाले, "मास्तर, तुम्ही व्हा पुढे. मी येतो हळूहळू."

तिघेही गेले नाहीत. पण परतताना गाडीत काकाजी मला हळूच म्हणाले, "शेजारच्या तात्यांचा मुलगा बंड्या मोठा झाला ना? काठ्या त्याला देऊ म्हणतो."

* * *

होळीला मी काहीच शोधलं नाही. शोधण्यासारखं डोक्यात उरलंच नव्हतं. पाटनकडे काकाजींच्याच खात्याचा नहर बंगला आहे, त्याच्यापुढे नऊ लहान लहान होल. दोनदा फिरलं की फेरी झाली. मी तेच सांगितलं. मैदान वेडंवाकडं. मधून पाट वाहतो, म्हशी चरतात, मोहाच्या झाडाखाली बायका फुलं वेचत असतात, आणि त्या काकाजींना सांगतात, "भैयाजी, जरा उधर मारो!"

काकाजी आले तेच ढिले होऊन आले. शेवटचाच खेळ होता ना! पहिला चेंडू म्हशीच्या पाठीला लागून मैदानात आला. "पाहा," काकाजी म्हणाले, "म्हैससुद्धा माझ्या बाजूची!" वकील इतके हसले की पाटातले बगळे उडाले. त्यानंतर काकाजी मारत गेले आणि चेंडू जात गेला. का, ते मला विचारू नका. वारा होता, खड्डे होते, काटे होते. नावं घ्यायला सगळं होतं, आणि त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही!

शेवटच्या होलला नेहमीप्रमाणे डॉक्टरांचा चेंडू बाभळीत गेला. वकिलांनी दोनदा हवा मारली. मास्तरांनी चष्मा पुसला, तरी चुकले. काकाजींचा चेंडू होलपासून वीतभर येऊन थांबला. मी पोतं ओढून वाट सारखी केली. लहान मूलही फुंकर मारून घालेल, इतकं सोपं.

आकडे बोकरे मास्तर मांडायचे. ते हेडमास्तर, चुकीचा आकडा जन्मात मांडला नसता. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, हा गेला की नव्याण्णव."

 मला वाटलं, आता तिघे टाळ्या पिटतील. पण वकिलांची विडी हातातच विझली. डॉक्टर बुटाच्या टोकाने वाळू उकरत होते.

काकाजींनी काठी लावली. मग मान वर करून एकेकाकडे पाहिलं. बाभळीकडे पाहिलं. वकिलांच्या काठीकडे पाहिलं. मास्तरांच्या हातातल्या चष्म्याकडे तर बराच वेळ पाहत राहिले.

आणि वाकून चेंडू उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि कोटाच्या खिशात टाकला!

"काकाजी!" मी ओरडलोच. "एकच टोला होता!"

"काहून ओरडून राहिला? बंगल्यावर चहा सांगितला ना? थंड होईल."

"पण अण्णा," मास्तर म्हणाले, "होल पुरा नाही केला तर आकडा मांडता येत नाही."

"नका मांडू."

डॉक्टरांनी वकिलांकडे पाहिलं. वकील काकाजींच्या खांद्यावर हात टाकत म्हणाले, "किती वर्षं लावली हो, बाप्पा, ह्या माणसानं कळायला!" आणि चौघेही चहाकडे चालू लागले. पार बंगल्यापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी पोतं घेऊन तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी काकाजी सगळ्या काठ्या घेऊन दुकानात आले. मला वाटलं, बंड्याकडे पोचवायला सांगतील.

"सगळ्या मुठी नव्याने बांध," ते म्हणाले. "चामडं चांगलं जाड घे. पुष्कळ वर्षं टिकलं पाहिजे."

मी विचारलं, "काकाजी, मग पाटनचं मैदान चांगलं म्हणून सांगू लोकांना?"

"मैदान?" काकाजी म्हणाले. "मैदानाकडं कोण पाहते रे!"